झाडीपट्टीतील नट आणि रहस्यपट

झाडीपट्टीतील नट आणि रहस्यपट : नट रंगमंचावर वा पडद्यावर येताच प्रेक्षकांचे लक्ष त्याच्याकडे ओढले जाते आणि तो बोलत किंवा हालचाल करीत नसतानाही ते त्याच्यावर टिकून राहते. नटाच्या या गुणाचा निर्देश येथे ‘प्रभाव’ या शब्दाने केला आहे. हा गुण जन्मजात असतो, असा समज रूढ आहे. तथापि नट व प्रेक्षक यांच्यातील अंतर, आवाज पोहोचविण्याचे साधन, प्रयोगाला उपलब्ध असलेला वेळ आणि नट स्वतःजवळ काय राखून ठेवतो, या चार गोष्टींवर तो फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशातील झाडीपट्टी रंगभूमी आणि अल्प भांडवलावर स्वतंत्रपणे निर्माण होणारा रहस्यपट ही त्याची दोन टोकांची उदाहरणे होत. पहिल्यात नटाला हजारो प्रेक्षकांपर्यंत स्वतःला पोहोचवावे लागते. दुसऱ्यात कॅमेराच नटापाशी येतो आणि नटाला काही दडवावे लागते. एका ठिकाणी कमावलेला प्रभाव दुसऱ्या ठिकाणी नेता येतो काय, हा प्रश्न या प्रदेशातील कलावंतांच्या दृष्टीने केवळ कलाविषयक नाही. त्यांच्या उपजीविकेशीही तो निगडित आहे.

प्रदेश व हंगाम : वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या दाट झाडीच्या पट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. भात हे या भागातील मुख्य पीक. दिवाळीच्या सुमारास पीक हाती येऊ लागते, भाऊबिजेपासून गावोगाव मंडईचे मेळे भरू लागतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो साधारणपणे होळीपर्यंत चालतो. ज्या गावी बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरतो, त्या गावी रात्री नाटक होणे ही जुनी रीत आहे. पटामुळे पंचक्रोशीतील लोक गावात येतात, आप्तेष्ट मुक्कामास उतरतात आणि नाटकाला आयताच प्रेक्षकवर्ग लाभतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. पुढे महाराष्ट्राने केलेल्या कायदादुरुस्तीची वैधता त्याच न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी मान्य केली. मधल्या काळात पट थांबले, तरी नाटके चालू राहिली. यावरून नाटक हे पटाचे केवळ उपांग उरलेले नाही, हे स्पष्ट होते.

या रंगभूमीच्या मुळाशी दंडार, खडी गंमत, गोंधळ यांसारखे लोकाविष्कार आहेत [⟶ लोकरंगभूमी]. दंडारीत व खडी गंमतीत पुरुषच स्त्रीवेश घेत. नाटकाने या प्रकारांतून गीत, विनोद आणि प्रेक्षकांशी थेट बोलण्याची मोकळीक उचलली. मराठी संगीत नाटकातून पडदे, प्रवेशरचना आणि पेटी-तबल्याची साथ घेतली. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे रेल्वेमार्गावरील गाव आज या व्यवसायाचे केंद्र आहे. हंगामात अनेक नाटक मंडळ्या येथून प्रयोगांची आखणी करतात. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातील नवरगाव हेही नाटकांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील सदानंद बोरकर यांचे माझं कुंकू मीच पुसलं हे नाटक विशेष गाजले. झाडीबोली आणि तिच्यातील लोकरंगभूमी यांच्या अभ्यासाचा पाया हरिश्चंद्र बोरकर यांनी घातला.

रंगमंचावरील प्रभावाची साधने : झाडीपट्टीतील प्रयोग रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुरू होऊन अनेकदा पहाटेपर्यंत चालतो. गावाबाहेरच्या शेतात वा पटांगणात तात्पुरता रंगमंच उभारतात. भोवती कनात लावतात. प्रेक्षक जमिनीवर बसतात. वादक रंगमंचाच्या पुढील बाजूस बसतात. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. त्याला दिसते ती आकृती आणि ऐकू येतो तो आवाज. त्यामुळे नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक या चार अभिनयप्रकारांपैकी पहिल्या तिहींवर येथे अधिक भार पडतो [⟶ अभिनय]. वेशभूषेचा रंग भडक असतो, हातवारे खांद्यापासून निघतात, वाक्याचा शेवट खाली न पडता वर उचलला जातो. शहरी समीक्षकांना हा अतिरेक वाटतो. वस्तुतः ते अंतराचे गणित आहे.

रंगमंचावर टांगलेल्या माइकांमुळे या गणिताला आणखी एक पद मिळाले. माइक स्थिर असल्यामुळे नटाला बोलण्यासाठी त्याच्या कक्षेत येऊन उभे राहावे लागते. साहजिकच हालचाली ठरावीक जागांभोवती बांधल्या जातात आणि संवाद बोलणारा व ऐकणारा हे दोघेही पुष्कळदा प्रेक्षकाभिमुख उभे राहतात. त्यातच प्रत्येक नाटकाच्या दीर्घ तालमी शक्य नसतात. हंगामात एकच नट वेगवेगळ्या नाटकांत उभा राहतो आणि पडद्याआडच्या सूचकावर विसंबतो. सूचकाचे वाक्य कानी येणे, ते उचलणे आणि स्वतःचे म्हणून फेकणे यांत जो क्षण जातो, तो रिकामा दिसू नये यासाठी अनुभवी नट त्या क्षणात काही ना काही करतो : उपरण्याचे टोक झटकतो, एक पाऊल मागे घेतो, समोरच्या पात्राला आपादमस्तक न्याहाळतो. संकटातून जन्मलेली ही युक्ती कालांतराने त्याच्या शैलीचा भाग बनते. पात्राच्या पहिल्या प्रवेशाला तर स्वतंत्र महत्त्व असते. वाद्यांचा गजर होतो, नट क्षणभर थांबतो, टाळ्या पडू देतो आणि मगच बोलतो. हे थांबणे ज्याला साधते, त्याचा दरारा रात्रभर टिकतो.

या शैलीतील दीर्घ अनुभवाचे ठळक उदाहरण म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोली येथील परशुराम खुणे. सु. ५,००० प्रयोग आणि ८०० भूमिका अशी त्यांच्या कार्याची गणना केली जाते. विनोदी भूमिकांसाठी ते विशेष ओळखले जातात. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान देण्यात आला.

भय आणि रहस्य : झाडीपट्टीच्या नाटकांत कौटुंबिक कलह, सावकारी, व्यसन, अंधश्रद्धा, नक्षलवाद असे विषय येतात आणि खून, कारस्थान, खलपुरुष यांना त्यांत मोठे स्थान असते. परंतु या नाटकांतील खलपुरुष बहुधा आरंभापासूनच उघड असतो. त्याचे हास्य, त्याचा वेश व त्याच्यासाठी वाजणारे संगीत यांवरून तो ओळखू येतो. येथे प्रेक्षकाची उत्कंठा ‘हे कोणी केले’ याविषयी नसून ‘याचे पारिपत्य केव्हा होईल’ याविषयी असते. रहस्यपटाची रचना याहून वेगळी आहे. त्यात धोका असल्याचे प्रेक्षकाला जाणवते, पण त्याचे उगमस्थान, वेळ किंवा हेतू यांपैकी एखादी गोष्ट झाकलेली राहते. आल्फ्रेड हिचकॉक याने धक्का आणि उत्कंठा यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट केला होता : टेबलाखाली ठेवलेला बाँब अचानक फुटला, तर क्षणभराचा धक्का बसतो, तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर टेबलाभोवतीच्या सामान्य गप्पाही असह्य होतात. अशा प्रसंगी नटाने भय दाखविण्याची गरज नसते; त्याने केवळ गप्पा मारावयाच्या असतात.

अरण्यप्रदेशातील प्रेक्षकाला हे तत्त्व अनोळखी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचा परिसर आणि ब्रह्मपुरी वनविभाग येथे माणूस व वाघ यांच्यातील संघर्ष हा नित्याचा प्रश्न आहे. गडचिरोलीत १९८० च्या सुमारापासून अनेक दशके सशस्त्र नक्षलवादी चळवळीची छाया राहिली. जंगलात वाघ सहसा प्रथम दिसत नाही. वानराचा खर्जातील इशारा, चितळाचे हाकारणे आणि एकाएकी पडलेली शांतता यांवरून तो जवळपास असल्याचे कळते. संकट स्वतः अदृश्य असते. दिसते ते इतरांच्या वागण्यातील त्याचे प्रतिबिंब. उत्तम रहस्यपट याच पद्धतीने चालतो. नाटक पाहून पहाटे रानवाटेने परतणाऱ्या प्रेक्षकाचे भयाचे ज्ञान रंगमंचावरील गर्जनेपेक्षा अधिक सूक्ष्म असते, ही बाब या प्रदेशाच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

कॅमेऱ्यापुढील प्रभाव : चित्रपटात समीपदृश्यामुळे नट व प्रेक्षक यांतील अंतर नाहीसे होते. पापणीची हालचाल ही रंगमंचावरील हातवाऱ्याएवढी मोठी ठरते, कुजबूजही स्पष्ट ऐकू येते. दुसरा फरक संकलनाचा. १९२० च्या आसपास रशियन दिग्दर्शक ल्येव कुलेशॉव्ह याने नट इव्हान मोझ्यूखिन याच्या एकाच निर्विकार चेहऱ्याचे दृश्य निरनिराळ्या दृश्यांना जोडून दाखविले. अन्नापुढे तो चेहरा भुकेला आणि शवपेटीपुढे शोकमग्न भासला, असे या प्रयोगाविषयी सांगितले जाते. म्हणजे पडद्यावरील भावनेचा काही भाग नट निर्माण करीत नाही, प्रेक्षक करतो. नटाने सर्व काही सांगून टाकल्यास प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही. रहस्यपटात तर प्रेक्षक प्रत्येक चेहऱ्याकडे संशयाने पाहत असतो. म्हणून तेथे स्तब्ध, सामान्य दिसणारा आणि अर्थ पूर्णपणे हाती लागू न देणारा चेहरा सर्वाधिक प्रभावी ठरतो.

स्वतंत्र निर्मितीच्या चित्रपटात या गुणाला आर्थिक कारणानेही महत्त्व येते. मोठे देखावे, पाठलाग व स्फोट परवडत नाहीत. मोजक्या जागा, थोडे दिवस आणि उपलब्ध प्रकाश यांत चित्रीकरण उरकावे लागते. धोक्याची जाणीव निर्माण करण्याचे काम मग मुख्यतः नटाकडे व ध्वनियोजनेकडे येते.

रंगभूमीवरून पडद्याकडे : लोकरंगभूमीवर वा फिरत्या नाटक मंडळीत घडलेला नट पडद्यावर भडकच राहणार, हा समज मराठी व हिंदी चित्रपटांच्या इतिहासाने खोडून काढला आहे. जब्बार पटेल दिग्दर्शित व रामदास फुटाणे निर्मित सामना (१९७४) याची कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. तिच्या केंद्रस्थानी एका नाहीशा झालेल्या माणसाचे गूढ आहे. गावात आलेला एक वृद्ध, व्यसनाधीन मास्तर त्या माणसाविषयी पुनःपुन्हा विचारीत राहतो आणि सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या सत्तेला तडा जाऊ लागतो. हिंदुरावाची भूमिका करणारे निळू फुले (१९३०–२००९) कथा अकलेच्या कांद्याची या लोकनाट्यातून पुढे आले होते. लोकनाट्यातील वेळेचे भान त्यांनी सोडले नाही, मात्र त्याची दिशा बदलली. टाळी घेण्यासाठीचा विराम येथे समोरच्याला अस्वस्थ करणारा विराम झाला.

गोविंद निहलानी यांच्या अर्धसत्य (१९८३) या चित्रपटात रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर (१९५०–२०१४) यांना मोजकेच प्रसंग मिळाले. हँड्स अप या मराठी नाटकातील त्यांचे काम पाहून निहलानींनी त्यांची निवड केली होती. रामा शेट्टी आवाज चढवीत नाही. आपली सत्ता सिद्ध करण्याची त्याला गरजच वाटत नाही. त्यामुळे तो पडद्यावर नसतानाही चित्रपटभर जाणवत राहतो. खलपुरुषाच्या सूचक वाद्यमेळापासून मुक्त झालेला असा हा खलपुरुष होता.

अमोल पालेकर यांनी आक्रीत (१९८१) या आपल्या पहिल्या दिग्दर्शित चित्रपटात वेगळा मार्ग अवलंबिला. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२–७४ या काळात घडलेल्या हत्यासत्राचा आधार घेऊन तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. गुप्तधन व अपत्य यांच्या लोभाने निष्पाप जीवांचे बळी घेणाऱ्या मुकुटरावाची भूमिका स्वतः पालेकरांनी, तर रुहीची चित्रा पालेकर यांनी केली. रजनीगंधा (१९७४) यासारख्या चित्रपटांमुळे पालेकरांची प्रतिमा सालस मध्यमवर्गीय तरुणाची होती. प्रेक्षकाच्या मनातील ही स्मृतीच येथे भयाचे साधन बनली : परिचित, सौम्य चेहऱ्याआड हे असू शकते, ही जाणीव कोणत्याही रंगभूषेपेक्षा अधिक हादरवणारी होती. फ्रान्समधील नांत येथील तीन खंडांच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

अलीकडील उदाहरण अनुराग कश्यप यांच्या अग्ली (२०१३) या रहस्यपटातील गिरीश कुलकर्णी यांचे. हरवलेल्या मुलीची तक्रार घेऊन आलेल्या माणसांना त्यांनी रंगविलेला पोलीस निरीक्षक जाधव, फोन आला असता पडद्यावर फोन करणाऱ्याचे छायाचित्र कसे दिसते, अशा क्षुल्लक गोष्टींत दीर्घकाळ गुंतवून ठेवतो. वेळ निघून जात असल्याचे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि निरीक्षकाचे निरागस कुतूहल हेच क्रौर्य बनते. प्रेक्षकाला थांबवून ठेवण्याची ही कला झाडीपट्टीच्या नटाच्या पहिल्या प्रवेशातील विरामाशी नाते सांगणारी आहे. फरक आहे तो मात्रेचा.

अरण्यातील चित्रपट व स्थानिक नट : अमित मसुरकर दिग्दर्शित न्यूटन (२०१७) हा गडचिरोलीला लागून असलेल्या दंडकारण्यातील मतदानकेंद्राची कथा सांगतो. त्याचे चित्रीकरण छत्तीसगडमधील दल्ली राजहरा परिसरात झाले. उपहास हा त्याचा मुख्य सूर असला, तरी त्याची वीण रहस्यपटाची आहे. ज्यांच्या भीतीने सर्वांचे वागणे ठरते, ते नक्षलवादी जवळजवळ अदृश्यच राहतात आणि धोका कळतो तो पहारा देणाऱ्या जवानांच्या नजरेतून. पंकज त्रिपाठी यांचा सुरक्षा-अधिकारी थंड व संथ बोलतो. अंजली पाटील यांची मलको ही आदिवासी शिक्षिका फारच थोडे बोलते व पुष्कळ जाणते. याच चित्रपटातील रघुवीर यादव हे तरुणपणी एका फिरत्या पारशी शैलीच्या नाटक मंडळीत होते. पुढे श्रीराम राघवन यांच्या अल्पखर्चात झालेल्या रमण राघव (१९९१) या चित्रकृतीत त्यांनी मुंबईतील हत्याकाऱ्याची भूमिका कोणताही आरडाओरडा न करता उभी केली. मोकळ्या मैदानावर आवाज फेकण्याची सवय ही कॅमेऱ्यापुढे अडचण ठरतेच असे नाही. ज्याला आवाज पूर्ण लावता येतो, त्याला तो किती राखावा हेही शिकता येते, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

मात्र यांतील प्रमुख नट नाट्यशिक्षणसंस्थांतून आलेले वा महानगरांत स्थिरावलेले आहेत, हेही तितकेच खरे. अरण्य, पाडा व बोली ही चित्रपटात ‘वास्तव’ म्हणून येतात. त्या भूमीवरील व्यावसायिक नटाकडे मात्र नट म्हणून क्वचितच पाहिले जाते. या दृष्टीने तृषांत इंगळे दिग्दर्शित झॉलीवूड (३ जून २०२२) हा मराठी चित्रपट महत्त्वाचा आहे. तो रहस्यपट नसून झाडीपट्टीतील नाटक मंडळीच्या जगाचे चित्रण करतो आणि त्यात तेथील प्रत्यक्ष कलावंतांनी भूमिका केल्या आहेत. रंगमंचावर मोठ्याने बोलणारा हाच नट पडद्यामागे, मानधनाच्या वाटाघाटीत किंवा रंगभूषा उतरविताना किती अल्प साधनांनी व्यक्त होतो, हे कॅमेऱ्याला तेथे टिपता आले.

सद्यःस्थिती : झाडीपट्टीतील नटाचे मानधन, मराठी रंगभूमीवरील रूढ शब्दात ‘नाइट’, हे प्रयोगागणिक मिळते. हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा. उरलेल्या काळात बहुतेकांना शेती, मजुरी वा अन्य व्यवसायांचा आधार घ्यावा लागतो. २०२० मध्ये कोव्हिड महासाथीमुळे प्रयोग बंद पडले, तेव्हा या व्यवस्थेचा ठिसूळपणा उघड झाला. चित्रपट हा या कलावंतांना पूरक व्यवसाय होऊ शकतो. परंतु त्यासाठी त्यांना गर्दीतील चेहरा म्हणून नव्हे, तर भूमिका देऊन बोलाविले पाहिजे आणि कॅमेऱ्याच्या मात्रेशी परिचय करून देणारे अल्पकालीन प्रशिक्षण वडसा, नवरगाव यांसारख्या केंद्रांवर उपलब्ध झाले पाहिजे. रंगमंचावरील प्रयोग त्या रात्रीबरोबर संपतो. ज्या नटांनी चाळीस-पन्नास वर्षे हे मैदान गाजविले, त्यांच्या प्रवेशाची, विरामाची व आवाजाच्या फेकीची दृक्‌श्राव्य नोंद ते हयात असतानाच होणे आवश्यक आहे. अशी नोंद झाल्यास ती रंगभूमीच्या इतिहासाला उपयुक्त ठरेलच. शिवाय प्रभाव हा दैवी देणगीपेक्षा परिस्थितीतून, सरावातून आणि प्रेक्षकांच्या सहवासातून घडतो, याचा तो प्रत्यक्ष पुरावा असेल.